इंग्लंडमध्ये संग्रहासाठी दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफिल्ड (ब्रिटिश लष्कराची रायफल) घ्यायची आहे. कुठला नंबर (मॉडेल), कुठला मार्क (आवृत्ती), कसं ओळखायचं? नंबर १ पहिल्या युद्धातली, म्हणून ती नको.

‘नंबर १ पहिल्या युद्धातली, म्हणून ती नको’ असं तुम्ही प्रश्नातच लिहून टाकलंय. हे वाक्य मी आधी ऐकलंय, आणि तेही माझ्याच घरात.

मी बर्मिंगहॅमला असतो. भिंतीवर १९४३ ची इशापूर, म्हणजे बंगालमधल्या इशापूर कारखान्यातली नंबर १, आहे, अर्थात निकामी केलेली. गणपतीत जेवायला आलेले आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ संग्राहक तिच्याकडे लांबूनच बघून म्हणाले, “अहो, ही पहिल्या युद्धातली. साल मागाहून ठोकलंय. फसवलं तुम्हाला.” चारचौघांत! बायको वाढता वाढता थांबली. रायफल कितीला पडली हे तिला तोवर नक्की माहीत नव्हतं.

नंबर ४ मंजूर झाली १९३९ मध्ये, पण भराभर निघू लागली ती १९४१ नंतर. इशापूर आणि ऑस्ट्रेलियातलं लिथगो, दोघांनी युद्धभर जुनी नंबर १ मार्क ३-स्टारच (स्टार म्हणजे त्या मार्कमध्ये थोडा बदल) बनवली, आणि युद्धाची पहिली काही वर्षं खुद्द इंग्लंडमधल्या बीएसए कंपनीनेही. ‘नंबर १’ हे नावच मुळी १९२६ चं. मी त्यांना बोल्टच्या (गोळी भरायला मागेपुढे सरकणाऱ्या दांड्याच्या) मुठीखालच्या पट्टीवरचा शिक्का दाखवला: मुकुट, जीआरआय (राजा जॉर्ज, सम्राट), इशापूर, साल. इंग्लंडमधल्या रायफलींवर नुसतं जीआर असतं, आणि स्वातंत्र्यानंतरच्या इशापूरवर आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर). तरी गृहस्थ ऐकेनात. मॅगझिनपुढे लाकडातून आडवा गेलेला स्क्रू पाहून म्हणाले, “ही सुताराची डागडुजी.” आता तो स्क्रू तर इशापूरची ओळख! लाकडाला बळकटी म्हणून कारखानाच घालायचा. यावर ते म्हणाले, “बासुंदी छान झालीय.”

असो. नंबर ४ लांबूनही कळते. नळीचं टोक लाकडाबाहेर डोकावतं, आणि नेम धरायची मागची खूण नळीवर नसून बॉडीच्या (बोल्ट बसतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) मागच्या टोकाला, भोकाची असते. मार्क १ आणि १-स्टार यांतला फरक बोल्ट काढताना कळतो. मार्क १ ला त्यासाठी दाबायचा खटका असतो. स्टारला खटका नाही, पुढे खाच असते. स्टार फक्त अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने आणि कॅनडात लाँग ब्रँच कारखान्याने बनवली. सॅव्हेजच्या क्रमांकात सी, लाँग ब्रँचच्या क्रमांकात एल. रायफलीवर एम४७सी कोरलेलं असेल तर तो बीएसएचा शर्लीचा कारखाना. मार्क २ युद्धानंतरची, १९४९ ची. ‘१/२’ किंवा ‘१/३’ कोरलेलं दिसलं तर युद्धातलीच, पण नंतर घोडा बदललेली. अशीला ‘भेसळ’ म्हणून नाक मुरडणारे भेटतील. खुशाल घ्या.

नंबर ५ च्या, म्हणजे जंगल कार्बाइनच्या, मागे मात्र जपून. कापलेल्या नंबर ४ ला पुढे नरसाळं आणि मागे रबर लावलेल्या नकला बाजारात ढिगाने आहेत. खऱ्या कार्बाइनमध्ये वजन कमी करायला नळीच्या मुळाशी आणि बॉडीवर धातू खरवडून काढलेला असतो, बोल्टची मूठही आतून पोकळ असते. हे सगळं नंतर कोणी सहसा करत बसत नाही. त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात एक ‘जंगल कार्बाइन’ आहे. नळीच्या मुळाशी बोट फिरवून पाहिलंय मी, गुळगुळीत आहे. ते हे वाचतील अशी आशा आहे.

आणि हो, शिक्के खोटे ठोकले जातात हे काही अगदीच खोटं नाही, फक्त माझ्या बाबतीत खोटं होतं. एका शिक्क्यावर विसंबू नका. बोल्टवरचा क्रमांक बॉडीशी जुळतो का पाहा. निकामी केल्याचा प्रूफ हाउसचा (शस्त्रं तपासणाऱ्या संस्थेचा) दाखला मागा, आणि तो आताच्या नियमांप्रमाणे आहे ना हेही विचारा, कारण जुन्या पद्धतीने निकामी केलेली इथे तशीच विकता येत नाही. पुण्याला नेऊन काकांना दाखवायचा विचार असेल तर फोटो न्या.