सोवळे नेसण्याआधी: लायपोसक्शनच्या निर्णयाविषयी एक अनुभव

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरची व्यक्ती खुर्चीत बसता बसता मोबाइलमधला फोटो शोधू लागली की तो येणार हे मला कळते. ‘लायपोसक्शन केलं तर हे कायमचं जाईल ना? परत येणार नाही ना?’ विचारणारी कधी दोन बाळंतपणांनंतर आरशासमोरून घाईने निघून जाणारी गृहिणी असते, कधी लग्न ठरलेली मुलगी, आणि अलीकडे बऱ्याचदा विशीतिशीतला तरुण. गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या समुपदेशन कक्षात आलेल्या अशाच एका तरुणाची हकिकत मी त्याच्या संमतीने, ओळख पटणार नाही एवढे बदल करून लिहीत आहे.

या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर थोडक्यात देता येते. काढून घेतलेल्या चरबीच्या पेशी जातात त्या जातात; पण उरलेल्या पेशी वजन वाढले की फुगतात, आणि मग मेद त्याच जागी थोडा व इतरत्र अधिक दिसू लागतो. लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेने, त्वचेखालची चरबी निघते. पोटाच्या आत, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवती साठलेली चरबी तशीच राहते, आणि मधुमेह व हृदयविकाराशी अधिक संबंध असतो तो तिचाच. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 स्थूल स्त्रियांच्या पोटावरची सरासरी 10 किलोच्या आसपास चरबी काढली होती, तरीही काही आठवड्यांनंतर इन्शुलिनला त्यांच्या शरीराचा मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. वजन उतरवण्याचा उपाय म्हणून या शस्त्रक्रियेकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट आधी सांगते.

तो जूनमध्ये आला. वय 29, डिचोली तालुक्यातले घर, औद्योगिक वसाहतीत चांगली नोकरी. अंगात सैल, गडद रंगाचा शर्ट होता, आणि बोलताना तो दर दोन मिनिटांनी छातीवरचे कापड पुढे ओढत होता. चौदा-पंधराव्या वर्षापासून त्याच्या छातीचा उभार स्त्रीसारखा दिसत होता. एका मोठ्या शहरातल्या कॉस्मेटिक क्लिनिकला त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले होते, आणि तिथून ‘फक्त लायपोसक्शन, एका दिवसात घरी’ असे उत्तर येऊन रविवारपर्यंत आगाऊ पैसे भरल्यास सवलतही देऊ केली होती. त्याने तारीख निवडली होती ती चतुर्थीच्या तीन आठवडे आधीची.

‘चवथीच्याच आधी का?’ मी विचारले.

‘बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मॅडम. त्यांना पाटावर बसता येत नाही. यंदा पूजेला मला बसायचं आहे.’

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण द्यायला हवे. इथल्या मूळ घरातली चतुर्थी म्हणजे साऱ्या भावकीचे एकत्र येणे. पूजेला बसणारा पुरुष सोवळे नेसून, उघड्या अंगाने, फार तर खांद्यावर उपरणे घेऊन, माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या, फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीखाली) सगळ्यांच्या नजरेसमोर तासभर बसलेला असतो. हा तरुण पंधरा वर्षांचा असताना वडिलांना पूजेत मदत करण्यासाठी असाच उघडा बसला होता. मागून एका चुलत भावाने हलक्या आवाजात म्हटले, ‘आज पूजेला वहिनी बसल्या आहेत.’ पोरे हसली. तो उठला आणि न्हाणीघरात जाऊन शर्ट घालून आला. त्यानंतरच्या चौदा वर्षांत माटोळीच्या बाजारातून सुपारीचे घड आणि तोरिंगे निवडून आणण्यापासून माटोळी बांधण्यापर्यंतचे प्रत्येक काम त्याने केले. पण पाटावर तो पुन्हा बसला नाही.

पहिल्या भेटीत मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: आगाऊ पैसे भरू नका, आणि ज्याने तुम्हाला हाताने तपासलेले नाही त्याच्या शब्दावर शस्त्रक्रिया ठरवू नका. पुरुषाच्या छातीचा उभार दोन कारणांनी दिसतो. कधी ती निव्वळ चरबी असते. कधी स्तनाग्रामागे ग्रंथीची कडक चकती वाढलेली असते, तिला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पुष्कळदा दोन्ही असते. चरबी नळीने ओढता येते, पण ग्रंथी बहुधा स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला छोटा छेद देऊन वेगळी काढावी लागते, आणि ती राहिली तर पैसे खर्चूनही उभार राहतो. फोटो पाहून हे ठरवता येत नाही. त्याने रीतसर प्लास्टिक सर्जनची भेट घेतली, आणि चकती आहे हे त्यांनी बोटांनी चाचपून पहिल्या पाच मिनिटांत सांगितले.

मुलगे माझ्याकडे येतात तेव्हा ते शस्त्रक्रियेबद्दल पुष्कळ वाचून आलेले असतात. कारणाबद्दल मात्र त्यांनी काही वाचलेले नसते. वयात येताना असा उभार अनेक मुलांना येतो आणि बहुतेकांचा सहा महिन्यांपासून दोन वर्षांत आपोआप ओसरतो, म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या पालकांना मी थांबायला सांगते. तो राहिला किंवा मोठेपणी नव्याने आला, तर यकृत, थायरॉइड आणि संप्रेरके यांच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात. क्वचित वृषणातील गाठही त्याच्या मुळाशी असू शकते. रक्तदाबावरच्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळीने किंवा मनोविकारांवरच्या काही औषधांनीही असे होते, आणि शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी तर होतेच. व्यायामशाळेत कुणी काय दिले ते सर्जनपासून लपवू नये. एकाच बाजूला कडक गाठ लागली किंवा स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आला, तर लाजेखातर एक दिवसही दवडू नये. स्तनांचा कर्करोग पुरुषांना क्वचित होतो, पण होतो.

या तरुणाच्या तपासण्या चांगल्या आल्या. वैद्यकीयदृष्ट्या शस्त्रक्रियेला हरकत नव्हती. पण सर्जनने त्याला चतुर्थीचा हिशेब मांडून दाखवला. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला आठवडे लागतात, चार ते सहा आठवडे घट्ट बनियनसारखा पट्टा घालावा लागतो, आणि छातीचा खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. तीन आठवड्यांनी पूजेला बसायचे म्हणजे अंगातला पट्टा काढून, सुजलेल्या छातीने बसायचे. तो हिशेब ऐकून तो माझ्याकडे आला तेव्हा हताश होता. ‘म्हणजे यंदाही नाही,’ एवढेच म्हणाला.

चौथ्या भेटीतली ती संध्याकाळ मला नीट आठवते, कारण बाहेर पावसाने वीज गेली होती आणि आम्ही खिडकीजवळ खुर्च्या ओढून बसलो होतो. तोपर्यंत त्याच्या बोलण्यातले दोन शब्द माझ्या कानांना खुपू लागले होते: ‘ऑपरेशन झाल्यावर’. ऑपरेशन झाल्यावर पूजेला बसेन, भावाच्या मुलाला झरीवर पोहायला नेईन, आईला स्थळे बघायला सांगेन. मी त्याला म्हटले, ‘समजा, ऑपरेशन झालं. उत्तम झालं, छाती अगदी सपाट आहे. तुम्ही पाटावर बसला आहात. आणि तोच चुलत भाऊ, जुनी आठवण काढून, तेच वाक्य पुन्हा बोलला. मग?’

तो बराच वेळ गप्प राहिला. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचे नसते. शांतता मोडण्याचा मोह मला सुरुवातीच्या वर्षांत फार होत असे, आता होत नाही.

‘मी उठेन,’ तो शेवटी म्हणाला. मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखे: ‘छाती सपाट असली तरी मी उठेन.’

‘का?’

‘कारण ते वाक्य आलं की उठायचं, एवढंच मला येतं.’

माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत, आणि त्या क्षणाचे समाधान मला आजही आहे. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झाले, आणि तिने मला शिकवलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे इच्छा आणि अट यांतला फरक ऐकू येणे. ‘माझी छाती सपाट असावी’ ही इच्छा आहे. तिच्यात गैर काही नाही, आणि तिच्यासाठी पैसा व वेदना सोसायला कुणी तयार असेल तर त्याला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. ‘ती सपाट झाल्याशिवाय मी माणसांत बसू शकत नाही’ ही अट आहे. सर्जन इच्छा पूर्ण करू शकतो. अट मात्र शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहते आणि उंचसखल राहिलेल्या कडेवर, छेदाच्या व्रणावर, पोटावरच्या दुसऱ्या वळीवर जाऊन बसते. एका शस्त्रक्रियेनंतर दुसरी मागणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या पहिल्या सर्जनने बहुतेक वेळा काम चोख केलेले होते.

त्याला मी म्हटले, ‘न उठता बसणं शिकावं लागेल. ते आताच्या छातीनेही शिकता येतं.’

पुढच्या आठवड्यांचे वर्णन लांबवत नाही. तो आधी घरात भावासमोर शर्टाशिवाय वावरला. मग पाऊस उघडलेल्या एका रविवारी पुतण्याला घेऊन गावच्या झरीवर गेला आणि पहिल्यांदा अंगातल्या बनियनसकट पाण्यात उतरून, दुसऱ्यांदा ते काढून, तिथे अर्धा तास थांबला. एका मुलाने टक लावून पाहिले. ‘पोटात गोळा आला, पण बसून राहिलो,’ असे त्याने मला सांगितले. श्रावणात त्याने चुलत भावाला फोन केला. मी तसे सुचवले नव्हते. भावाला ते वाक्य आठवत नव्हते. त्याने माफी मागितली, आणि ती अवघडलेली, अर्धवट माफी या तरुणाला फारशी पुरली नाही. मला ते महत्त्वाचे वाटले, कारण माफी न पुरताही तो पाटावर बसायला निघाला होता.

त्या वर्षी तो आहे त्या छातीने पूजेला बसला. शस्त्रक्रिया त्याने जानेवारीत केली, आणि ‘एवढे सगळे झाल्यावर ती का केली’ असे मला विचारणाऱ्यांना मी सांगते की, त्याला ती हवी होती. फरक एवढाच पडला होता की, आता तो सर्जनसमोर ग्राहकासारखे प्रश्न विचारू शकत होता. जूनमध्ये तो रविवारची मुदत चुकेल या भीतीने हो म्हणणार होता.

ते प्रश्न इतरांनाही उपयोगी पडतील. आपल्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी आहे का, हे विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही. भूल कोण देणार, आणि काही बिघडले तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की गाडीतून न्यावे लागेल? किती चरबी काढणार? पाच लिटरांपेक्षा अधिक काढणे हे मोठ्या शस्त्रक्रियेत मोडते आणि मग रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहणे योग्य असते. 1980च्या दशकात जेफ्री क्लाइन या डॉक्टरांनी मिठाचे पाणी, जागा बधिर करणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अॅड्रेनलिन यांचे पातळ द्रावण त्वचेखाली भरून मग चरबी ओढण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यामुळे रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. पण लिडोकेनची मात्रा रुग्णाच्या वजनानुसार मोजावी लागते, कारण ती जास्त झाली तर हृदयावर परिणाम होतो. ‘छोटीशी प्रोसिजर’ या शब्दांवर म्हणूनच विसंबू नये. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणे, जंतुसंसर्ग, त्वचेखाली द्रव साठणे, नळीने आतल्या अवयवाला इजा होणे हे धोके कमी असले तरी खरे आहेत. घरी आल्यावर धाप लागली, पोटरी सुजून दुखू लागली किंवा ताप चढला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तंबाखू आणि सिगारेट काही आठवडे आधी सोडावी लागते, कारण जखम भरून येण्यात ती अडथळा आणते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र स्वतःच्या मनाने काही करू नये, सर्जनला विचारावे. बाळंतपणानंतर त्वचा सैल पडली असेल किंवा पोटाचे स्नायू फाकले असतील, तर नुसत्या लायपोसक्शनने पोट आणखी लोंबते दिसू शकते, हे स्त्रियांना स्पष्ट सांगणारा सर्जन चांगला समजावा. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, त्यामुळे कर्ज काढणार असाल तर दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया लागल्यास तिचा खर्च कोण करणार हेही आधी लिहून घ्यावे.

काही जणांना मी सर्जनकडे पाठवतच नाही. इतरांना जेमतेम दिसणाऱ्या एखाद्या दोषासाठी जी व्यक्ती दिवसाचे तासन्‌तास आरशात घालवते, घराबाहेर पडणे सोडते आणि चार डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटल्यावर पाचवा शोधते, तिला शरीरप्रतिमेचा विकार असू शकतो. त्यावर औषध व मानसोपचार दोन्ही उपलब्ध आहेत, आणि शस्त्रक्रियेने तो बहुधा बरा होत नाही. अशांना मी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत नेते, गरज वाटल्यास स्वतः सोबत जाते.

त्या तरुणाच्या डाव्या बाजूला शस्त्रक्रियेनंतर एक लहानसा खोलगट भाग राहिला आणि तिथली त्वचा काही महिने बधिर होती. एप्रिलमध्ये तो शेवटचा भेटायला आला तेव्हा त्याने शर्टाची बटणे उघडून ती जागा मला दाखवली, सर्जनने सहा महिने थांबायला सांगितल्याचे सांगितले, आणि मग बराच वेळ आईने आणलेल्या एका स्थळाविषयी बोलत राहिला.