लहान मूर्ती रंगवण्यासाठी कोणता दिवा घ्यावा?

तुम्ही जळगावहून विचारले आहे की, २८ मिलिमीटर मापाचे प्लॅस्टिकचे सैनिक रात्री घरातल्या एलईडी ट्यूबखाली रंगवताना लाल अंगरखा आणि त्वचेचा रंग अगदी जमल्यासारखे वाटतात, पण सकाळी बाहेरच्या ओट्यावर नेऊन पाहिले की ते भडक दिसतात. तेव्हा जास्त वॅटचा दिवा घ्यावा का? मी धुळ्यात राहतो आणि हाच उद्योग संध्याकाळनंतर करतो, त्या अनुभवावरून सांगतो की वॅट वाढवून हे दुखणे जाणार नाही. टेबल उजळेल, परंतु रंगांचा घोळ आहे तसाच राहील.

दुकानात मिळणारा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड पडला की पिवळे उजळणाऱ्या पुडीचा, थर दिलेला असतो आणि दोन्ही प्रकाश मिसळून डोळ्याला पांढरे भासते. या मिश्रणात गडद लाल पट्ट्यातला प्रकाश तोकडा पडतो, आणि जो प्रकाश मूर्तीवर पडतच नाही, तो ती परत कुठून पाठवणार? त्यामुळे लाल अंगरखा विटका दिसतो, तुम्ही त्यावर आणखी लाल चढवता, आणि पूर्ण उजेडात तोच लाल अंगावर येतो. त्वचेच्या रंगातही लाल मिसळलेला असतोच, म्हणून चेहऱ्यांचीही तीच गत होते.

दिवा रंग कितपत खरे दाखवतो हे सांगणारा अंक म्हणजे सीआरआय. तो जास्तीत जास्त १०० असतो. घरगुती एलईडीचा साधारण ८० च्या आसपास असतो. आपल्या कामाला ९० किंवा त्याहून अधिक हवा. मात्र हा अंक आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि त्यात गर्द लाल धरलेलाच नसतो. गर्द लालसाठी आर९ हा वेगळा अंक आहे, आणि सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर९ शून्याच्या जवळपासही असू शकतो. खोक्यावर आर९ छापलेला आढळला आणि तो ५० च्या पुढे असला, तर तो दिवा बिनदिक्कत घ्या. खोक्यावर सीआरआयचा उल्लेखच नसेल, तर तो दिवा ओट्यावर लावायला घ्या, रंगकामाला नको.

दुसरा अंक केल्व्हिनचा, म्हणजे उजेड पिवळसर आहे की निळसर हे सांगणारा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्व्हिनचा ‘कूल डेलाइट’ असतो, जो निळसर असतो. २७०० ते ३००० चा ‘वॉर्म व्हाइट’ पिवळसर असतो आणि त्याखाली काळा व गडद निळा, किंवा पांढरा व फिकट पिवळा, हे ओळखता येईनासे होतात. मी ५००० च्या आसपासचा पसंत करतो. मात्र एका बाजूला ६५०० केल्व्हिन आणि सीआरआय ८०, तर दुसऱ्या बाजूला ४००० केल्व्हिन आणि सीआरआय ९० अशी निवड असेल, तर विचार न करता दुसरा उचला. उजेडाच्या एकूण छटेला डोळे काही मिनिटांत सरावतात. त्यात नसलेला रंग मात्र डोळ्यांना भरून काढता येत नाही.

उजेड किती हवा, याची फार चिंता करू नका. साधारण ८०० ते ९०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप) देणारा ९ वॅटचा दिवा मूर्तीपासून ४० सेंटीमीटरवर असला की पुरतो, कारण अंतर निम्मे केले की उजेड जवळजवळ चौपट होतो. छतावरची ट्यूब कितीही मोठी असली तरी ती दूर असते, आणि वर आपल्याच डोक्याची सावली हातावर पडते.

खरे लक्ष द्यायचे ते दिशेकडे. या मापाच्या सैनिकाचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटर असतो. दिवा नेमका डोक्यावर असेल, तर टोपीच्या कडेची सावली डोळ्यांवर येते, आणि तुम्ही कुंचल्याने काढलेली सावली कोणती व दिव्याची कोणती हे कळेनासे होते. म्हणून दोन दिवे घ्यावेत, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, दोन्ही दुधी आवरणाचे आणि नजरेच्या थोडे वर. उजव्या हाताने रंगवत असाल, तर डावीकडचा मुख्य माना. दुसऱ्या दिव्याचा खर्च नको असेल, तर दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा केला तरी सावल्या बऱ्याच निवळतात. उघड्या, टोकदार उजेडात चांदी-पितळेचे रंग आणि ओला वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) इतके चमकतात की खालचा तपशील दिसत नाही, म्हणून दुधी आवरणाचा आग्रह. भिंत पिस्ता किंवा गुलाबी रंगाची असेल, तर ती छटाही मूर्तीवर उतरते. टेबलामागे पांढरा किंवा राखाडी कागद लावणे बरे.

एकच दिवा वरून वापरायची एक वेळ मात्र आहे. प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर, सुकल्यावर बाकीचे दिवे बंद करून मूर्ती बरोबर दिव्याखाली धरा आणि मोबाइलने फोटो काढा. खांदे, नाक, गुडघे कुठे उजळतात आणि कमरपट्ट्याखाली, काखेत कुठे काळोख राहतो, हे त्यात स्पष्ट दिसते; पुढे हायलाइट, म्हणजे उठावाच्या भागांवर फिकट रंग, देताना तो फोटो समोर ठेवावा.

दिवसा रंगवायचे असेल, तर उत्तरेच्या खिडकीपाशी बसा, असा सल्ला चित्रकार देतात. तो युरोपात बराचसा खरा ठरतो, आपल्याकडे वर्षभर नाही. जळगाव व धुळे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन त्या खिडकीतून आत येते. त्या दिवसांत पांढरा पातळ पडदा लावावा. शिवाय पंख्याच्या आणि कूलरच्या वाऱ्यात ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच वाळतात. त्यात टेबलावर हॅलोजनसारखा तापणारा दिवा ठेवणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवणे आहे.

दिवा घेण्यापूर्वी दुकानातच तो मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा लुकलुकतो आहे असे समजा. साध्या डोळ्यांना हे कळत नाही, पण तासभर बारीक काम केल्यावर डोके दुखू शकते. वीज गेल्यावर चार्जिंगच्या दिव्याखाली प्रायमर किंवा मूर्तीच्या तळावरची माती रंगवायला हरकत नाही, चेहरे मात्र ठेवून द्यावेत.

भिंगाचा दिवा घेणार असाल, तर ३ डायॉप्टरचा घ्या; डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे माप. त्याखाली सुमारे ३३ सेंटीमीटर जागा मिळते, तर ५ डायॉप्टरखाली २० च, आणि त्यात कुंचला धरलेला हात अवघडतो. काम संपल्यावर भिंगावर जाड फडके टाकत जा, कारण खिडकीतले ऊन त्यातून एका बिंदूवर आले, तर टेबलावरचा कागद पेटू शकतो.