नाटकात काम केलं म्हणजे सभासद झालो का?

तुमची अडचण मला अशी कळली: जुने आठ-नऊ जण नाटकाचा ग्रुप चालवतात, गेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी दहा-बारा नवे आले, आणि यंदाची संहिता ठरवताना मत कोणाकोणाला, यावर गाडं अडलंय. शिवाय संस्था रजिस्टर करावी का, हेही विचारलंय.

माझं ठाम मत आहे की भूमिका मिळाली म्हणून कोणी सभासद होत नाही आणि भूमिका गेली म्हणून कोणाचं सभासदत्व जात नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दिग्दर्शक पात्रं निवडताना मतं मोजायला लागतो. पाहुणा कलाकार आला तर मानाने घ्या, त्याचा जाण्यायेण्याचा खर्च द्या. मत मात्र नाही.

मग सभासद कोणाला करायचं? नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात स्पर्धेचा प्रयोग संपला की नीट बघा. बरीच मंडळी मेकअप न उतरवताच नातेवाइकांबरोबर फोटो काढत असतात. आत चार-पाच जण लेव्हल्स म्हणजे रंगमंचावरचे चौथरे उचलतात, फ्लॅटचे म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटींचे खिळे काढून डब्यात भरतात, भाड्याचे कपडे यादीशी ताडून बघतात आणि टेम्पो निघाल्याशिवाय घरी जात नाहीत. संस्था या लोकांवर चालते. म्हणून नियम असा करा: एका तरी नाटकात पहिल्या वाचनापासून सामान परत जाग्यावर लागेपर्यंत रंगमंचामागचं काम केलेलं हवं, मगच अर्ज. जुन्यांच्या ओळखीने आलेल्यालाही हाच नियम. आक्षेप असेल तर तो सभेत, कारणासकट आणि त्या माणसाच्या समोर मांडायचा. मागून केलेली कुजबुज आक्षेप म्हणून धरायची नाही.

मत कशावर घ्यायचं हेही लिहून ठेवा. संहिता, खर्च आणि दिग्दर्शक कोण हे सभा ठरवेल. पात्रयोजना आणि तालमीतले निर्णय दिग्दर्शकाचे, तिथे मतदान नाही. लेखकाची लेखी परवानगी आणि त्याचं मानधन ग्रुपच्या नावाने, कोणा एकाच्या नावाने नको. संघाचं बक्षीस खात्यात जमा, वैयक्तिक बक्षीस ज्याचं त्याला. हे निकालाआधी ठरलं पाहिजे, कारण निकालानंतर कोणालाच तटस्थपणे बोलता येत नाही.

नोंदणीबद्दल थोडक्यात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. मग दरवर्षीचे हिशेब आले आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज आला. हे चिकाटीने सांभाळणारा एक माणूस असेल तरच त्या वाटेला जा. संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, मात्र कोणाची तयार छापील उचलू नका, सगळ्यांनी बसून लिहा. १८६० च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. तेव्हा पावतीपुस्तक आजपासूनच ठेवा, नाहीतर ऐन सभेत कोणाची थकली यावरून भांडण होईल.

संहितावाचनाआधी एक सभा घ्या आणि नव्यांनाही बोलवा. गेल्या वर्षी रंगमंचामागचं काम पूर्ण केलेल्यांना तिथेच सभासद करून घ्या, बाकीच्यांची मोजणी या नाटकापासून सुरू. ठराव वहीत लिहा, वाचून दाखवा, हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. व्हॉट्सॲपवरच्या होकाराला ठराव समजू नका.