नोझल बदलायच्या आधी हवा तपासा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि माझा पहिला पावसाळाच आठवला. 40 अँपिअरचं नवीन प्लाझ्मा कटर (विजेचा आर्क आणि कॉम्प्रेसरची हवा वापरून लोखंड कापणारं मशीन), ट्रकची भंगारातली चासी कापायला घेतलीय, अर्ध्या तासात नोझल (हवा आणि आर्क बाहेर पडतो ते तोंड) जातंय, आर्क फडफडतोय आणि दुकानदार म्हणतो नोझल बदला. रत्नागिरीत माझं अगदी हेच झालं होतं. अर्थिंगचा क्लॅम्प, अँपिअर वगैरे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही.

मशीन बंद करून नोझल आणि इलेक्ट्रोड काढा, उजेडात धरा. नोझलचं भोक एका बाजूला लांबट झालंय का? इलेक्ट्रोडच्या टोकाला मधोमध हाफ्नियम धातूचा बारीक ठिपका असतो, तिथे खड्डा पडलाय का? नवी जोडी घालून अर्ध्या तासात ही गत होत असेल तर माझ्या मते हवेत पाणी आहे. मशीनला नुसती हवा सोडायचं बटण असेल तर आर्क न पेटवता टॉर्चसमोर (हातात धरून कापतो त्या दांडीसमोर) पांढरं फडकं मिनिटभर धरा. माझं फडकं ओलं झालं आणि वर तेलाचा पिवळट डाग.

माझी घोडचूक ही की दुकानदाराने सांगितलं तसा फिल्टर थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवला. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेत असतं, ते फिल्टरमधून सरळ पुढे जातं आणि पाइपात गार झालं की पाणी होतं, म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखा. चार महिने नोझल टाकत राहिलो, मशीन दोनदा सर्व्हिसला पाठवलं, दोन्ही वेळा ‘ओके’ म्हणून परत, भाडं माझ्या अंगावर. हवा कशी आहे हे एकाही माणसाने विचारलं नाही, याचा अजून राग येतो. मशीन विकताय तर एवढं विचारायला काय जातं?

शेवटी भिंतीवरून 15 मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उतारावर फिरवला, म्हणजे हवा वाटेतच गार होते, खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक, आणि फिल्टर मशीनच्या अगदी जवळ. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज संध्याकाळी सोडतो, पावसाळ्यात दुपारीही, तांबडं गढूळ पाणी येतं. तेल येत असेल तर कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा बघून घ्या. आणि स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी पाइप कॉम्प्रेस्ड हवेला अजिबात लावू नका, फुटला की तुकडे अंगात घुसतात.

मी इंजिनिअर नाही, माझ्या शेडपुरतं सांगतोय, तुमच्या मशीनचं प्रेशर त्याच्या पुस्तकातच बघा.

चासीचं निघालंच आहे म्हणून, डिझेलची टाकी आणि शॉकॲब्सॉर्बर कापायला घेऊ नका, टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ राहते. जीआय पत्रा बंद शेडमध्ये कापू नका, जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी भोगलाय.

फडक्यावर काय दिसलं ते कळवा, आणि फिल्टर आत्ता कुठे आहे त्याचा फोटो टाका.