पॉलिसी साडेपाच टक्क्यांची, कर्ज साडेदहाचं

नरेंद्रनगर, नागपूरच्या एका वाचकांचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"राज्य शासनाच्या सेवेत आहे. वय ५५, ऑगस्ट २०२९ मध्ये निवृत्ती. हातात ९५ हजार येतात, पेन्शन ५२ हजारांच्या आसपास बसेल. जीपीएफमध्ये २२ लाख आहेत. मुलगी २३ वर्षांची, भूगर्भशास्त्रात बीएस्सी. २०२४ मध्ये तिने उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, 'ए' ग्रेड मिळाली. सप्टेंबर २०२७ पासून तिला ब्रिटनमध्ये पर्वतविज्ञान आणि गिर्यारोहणाचा एक वर्षाचा एमएस्सी करायचाय. फी १८,५०० पौंड, होस्टेल धरून २८ लाख. शनिवार-रविवार गाईडचं काम करून बाकी खर्च ती भागवेल. परत आल्यावर सरकारी नोकरी मिळेल. जीपीएफ काढू की शैक्षणिक कर्ज घेऊ? बेसाला प्लॉट आहे, तो तारण देता येईल. कर्जाला अडचण नको म्हणून बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून मार्च २०२५ मध्ये मुलीच्या नावे गॅरंटीड इन्कम पॉलिसी घेतली आहे. वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं. दोन हप्ते भरले. कागद सोबत जोडले आहेत."

जीपीएफ की कर्ज, याचं उत्तर लहान आहे आणि ते शेवटी देतो. पत्रात जे तुम्ही जाता जाता लिहिलंत, खरा घोळ तिथे आहे.

पॉलिसीचा कागद समोर ठेवा. २५ लाख भरायचे आणि मार्च २०३७ पासून दहा वर्षं दरवर्षी पावणेपाच लाख घ्यायचे. एकूण साडेसत्तेचाळीस लाख. "जवळपास दुप्पट" असं तुम्हाला सांगितलं गेलं असणार. पण पैसा कधी जातो आणि कधी येतो ते धरून हिशेब केला, तर परतावा वर्षाला साडेपाच टक्के पडतो. तुमच्या जीपीएफवर ७.१ टक्के मिळतात, आणि शैक्षणिक कर्ज तुम्ही साडेदहाच्या आसपास घेणार. म्हणजे एका खिशातून साडेपाचने पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या खिशासाठी साडेदहाने उसने आणायचे. शिवाय फी भरायची २०२७ मध्ये आणि पॉलिसीचा पहिला रुपया येणार २०३७ मध्ये, मुलगी ३४ वर्षांची झाल्यावर. शिक्षणासाठी घेतलेली ही पॉलिसी शिक्षणाच्या कोणत्या वर्षी उपयोगी पडणार होती, हे त्या साहेबांनाच विचारायला हवं.

आता तारखा बघा. शेवटचा हप्ता मार्च २०३४ मध्ये. तुम्ही निवृत्त होणार २०२९ मध्ये. म्हणजे पाच हप्ते, साडेबारा लाख, पेन्शनमधून. कर्जाचंही तसंच. अभ्यासक्रम सप्टेंबर २०२८ मध्ये संपेल, त्यापुढे एक वर्षाची सवलत, म्हणजे ईएमआय सुरू होणार ऑक्टोबर २०२९ मध्ये. पेन्शन आणि ईएमआय हातात हात घालून येतील. सगळा खर्च कर्जातून करायचा म्हणून ३० लाख धरले, तर सवलतीच्या काळातलं व्याज चढून ते ३६ लाखांवर जाईल. दहा वर्षांच्या परतफेडीला महिना साडेअठ्ठेचाळीस हजार. पॉलिसीचे महिन्याकाठी २१ हजार त्यात मिळवा. सत्तर हजार झाले. पेन्शन ५२.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती पैशापेक्षा वाईट आहे. प्रपोजल फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: विमा ज्याच्या जिवावर आहे ती व्यक्ती गिर्यारोहण, पॅराग्लायडिंग, डायव्हिंग असं काही धोक्याचं करते का? तुम्ही पाठवलेल्या प्रतीत 'नाही' वर टिक आहे. मुलगी त्याआधीच उत्तरकाशीला दोरावर लटकून आली होती. टिक बँकेतल्या माणसाने केली असेल, सही मात्र तुमची आणि तिची आहे. पॉलिसीला तीन वर्षं होईपर्यंत, म्हणजे मार्च २०२८ पर्यंत, विमा कंपनी माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर दावा अडवू शकते. आणि त्याच हिवाळ्यात मुलगी स्कॉटलंडच्या बर्फात असेल. तेव्हा पॉलिसीतल्या २५ लाखांच्या ज्या विमासंरक्षणावर तुम्ही निर्धास्त आहात, ते धरून चालू नका.

करायचं काय? सरेंडर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडणं, ही दुसरी पायरी, तक्रार पहिली. बँक आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी कळवा की कर्जासाठी ही पॉलिसी आवश्यक असल्याचं सांगितलं गेलं, फॉर्म बँकेने भरला, गिर्यारोहणाची माहिती विचारलीच नाही, आणि पूर्ण हप्ते परत हवेत. कर्जासोबत विमा गळ्यात मारायची बँकेला मुभा नाही. साहेबांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर स्क्रीनशॉट जोडा. तोंडी आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही. कंपनीने दोन आठवड्यांत दाद दिली नाही तर विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल, आणि त्यानंतर विमा लोकपाल. नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येतं. वकील लागत नाही, फी लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं. पॉलिसी सुरू होताना आलेल्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला 'हो, हो' म्हटलं असेल, तर कंपनी ते रेकॉर्डिंग पुढे करेल. म्हणून मेसेजवर भर द्या.

तक्रार फसली तर सरेंडर. पाच लाख भरलेत, माझ्या अंदाजाने साडेतीनच्या आसपास हातात येतील. आकडा कंपनीकडून लेखी मागवा. दीड लाख बुडतात म्हणून जीव वर-खाली होणार, पण हिशेब इथून पुढचा करा. आज साडेतीन लाख सोडून आणि वर २० लाख भरून जे मिळेल, त्याचा परतावा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास येतो. कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला तो परवडत नाही.

आता तुमचे २८ लाख. त्यात फी आहे आणि होस्टेल आहे; जेवण, प्रवास, व्हिसा, बूट काहीच नाही. पौंड १२० रुपये धरा. फी सव्वाबावीस लाख. राहणं-खाणं महिना ११५० पौंड, बारा महिन्यांचे साडेसोळा लाख. व्हिसा आणि तिथला आरोग्य अधिभार मिळून दोन. तिकीट आणि घराचं डिपॉझिट एक. साहित्य आणि फील्ड ट्रिप दोन. झाले ४४ लाख. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि लंडनबाहेर महिना सुमारे ११७० पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दिसावा लागतो. जीपीएफची स्लिप तिथे चालत नाही, पॉलिसीचा बाँडही नाही. खात्यातली रोख किंवा बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, एवढंच चालतं. अठ्ठावीस दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जातो.

साहित्यात पैसा उधळू नका. स्कॉटलंडच्या हिवाळ्याला बी-२ दर्जाचे बूट आणि त्यावर बसणारे सी-२ क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली बांधायचे काटे) पुरतात. सहा-सात हजार मीटरचे दुहेरी बूट तिथे नुसते जड होतात. कुणी जुने, 'एकदाच वापरलेले' बूट स्वस्तात देत असेल तर घेऊ नका: तळव्यातलं पॉलियुरेथेन पडून राहिलं तरी ओलाव्याने कुजतं आणि ऐन चढणीवर तळवा सुटतो. हार्नेस आणि स्लिंग कधीच दुसऱ्याच्या हातचे नकोत.

शनिवार-रविवारची गाईडगिरी विसरा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, स्वतःचा धंदा करता येत नाही. तिकडचं गाईडचं बरंचसं काम स्वतंत्र व्यावसायिक म्हणूनच होतं, म्हणजे व्हिसा मोडला. कॅफेत काम मिळेल, त्यातून जेवणखाण निघेल, फी नाही. दुसरं, एमएस्सी केल्याने कुणी गाईड होत नाही. साध्या उन्हाळी डोंगरांवर माणसं न्यायची म्हटली तरी माउंटन लीडरची पात्रता मागितली जाते; तिच्या परीक्षेआधी नोंदवहीत चाळीस दर्जेदार डोंगरदिवस दाखवावे लागतात. हिवाळ्याची पात्रता त्याच्यापुढे, आणि आल्प्समध्ये चालणारा आंतरराष्ट्रीय गाईडचा परवाना कित्येक वर्षांचा. या सगळ्याचा खर्च वेगळा. शिक्षणानंतर तिथे राहायला मिळणारा काळही पुढे दोन वर्षांवरून दीड वर्षावर येतोय.

परत येऊन सरकारी नोकरी हा पत्रातला दुसरा आशावाद. नागपुरातच सेमिनरी हिल्सवर जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं) कार्यालय दिसतं, तिथे भूवैज्ञानिक म्हणून जायचं तर यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा. तिच्या पात्रतेत पदव्युत्तर पदव्यांची नावं दिलेली असतात: भूविज्ञान, उपयोजित भूविज्ञान, खनिज अन्वेषण वगैरे. 'पर्वतविज्ञान आणि गिर्यारोहण' त्या यादीत नाही. ४४ लाख खर्चून ती आपल्याच गावातल्या नोकरीला अपात्र राहून परत येईल. म्हणून अभ्यासक्रमाची विषयसूची मागवा. हिमनद्या, हिमस्खलन, भूरूपं, रिमोट सेन्सिंग हे विषय भरपूर असतील तर संशोधनाचा, एमआरसॅकसारख्या (राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र) संस्थांमधल्या कामाचा दरवाजा तरी उघडा राहतो. अर्धी पदवी आउटडोअर लीडरशिपची असेल तर ती हौस आहे. हौसेला माझा विरोध नाही, कर्ज काढून हौसेला आहे.

माझा कल असा. मुलीने आधी नागपूर विद्यापीठातून भूविज्ञानाचा एमएस्सी करावा, सुट्ट्यांमध्ये अ‍ॅडव्हान्स कोर्स आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रशिक्षक होण्याचा कोर्स. 'ए' ग्रेड आहे, त्यामुळे अ‍ॅडव्हान्सला ती पात्र आहे. उत्तरकाशीची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून दार्जिलिंग आणि मनालीलाही अर्ज टाकून ठेवावा. साहित्य संस्थाच पुरवते. या सगळ्याचा खर्च तुमच्या पगारातून निघतो.

परदेशीच जायचं असेल तर ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक आणि इटलीतलं बोल्झानो या दोन विद्यापीठांचा पर्वतीय प्रदेशांच्या पर्यावरण व्यवस्थापनाचा संयुक्त, इंग्रजीतला मास्टर्स पाहावा. दोन वर्षांचा आहे. ऑस्ट्रियातल्या सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्यांना सत्राला सुमारे ७२७ युरो फी पडते. युरो १०५ रुपयांचा धरला तर चार सत्रांचे तीन लाख. राहणं महिना हजार युरो, दोन वर्षांचे २५. तिकीट, साहित्य दोन. ३० लाख. वयाची मेख लक्षात ठेवा: ऑस्ट्रियाच्या निवास परवान्यासाठी २४ च्या आतल्या विद्यार्थ्याला महिना सातशेच्या आसपास युरो दाखवावे लागतात, २४ पूर्ण झाल्यावर १२७० च्या वर. तुमची मुलगी २०२७ मध्ये दुसऱ्या गटात जाईल, म्हणजे एका वर्षाचे १६ लाख दाखवायची तयारी हवी.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही, पण मापात. जीपीएफमधून ११ लाख, पॉलिसीतून सुटतील ते चारेक, आणि कर्ज १५ च्या वर नाही. व्याज चढून ते १९ होईल, ईएमआय साडेपंचवीस हजार. मुलीच्या नोकरीला वर्षभर उशीर झाला तरी पेन्शन तो सोसेल. हे ३० लाखांच्या पर्यायात बसतं, ४४ च्या नाही. कर्जाच्या व्याजावरची करसवलत (पूर्वीच्या आयकर कायद्यातलं कलम ८०-ई) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुम्ही नवीन निवडली असेल तर ती हिशेबात धरू नका. परदेशी पाठवलेल्या १० लाखांवरच्या रकमेवर टीसीएस (बँकेने आगाऊ घेतलेला कर) कापला जातो, कर्जातून गेलेल्या पैशावर नाही. म्हणून फी आणि मोठ्या रकमा कर्जातून, बाकी खर्च घरातून.

बेसाच्या प्लॉटला एनए (अकृषक) ऑर्डर आणि आरएल (रिलीज लेटर) दोन्ही आहेत का ते बघा. नसतील तर बँक तो तारण म्हणून बघणारही नाही. असतील तरी मोकळ्या प्लॉटवर बऱ्याच बँका नाक मुरडतात. राहतं घर मात्र त्याच्या जागी पुढे करू नका.

कर्जात तुम्ही सहकर्जदार, त्यामुळे विमा मुलीच्या जिवावर हवा. शुद्ध टर्म पॉलिसी, २५-३० लाखांची, आणि या वेळी गिर्यारोहणाच्या प्रश्नावर 'हो'. हप्ता वाढेल किंवा काही उंचीवरची मोहीम वगळली जाईल, ते लेखी तरी असेल. प्रवासविम्यात दोर किंवा गाईड लागणारी चढाई बहुतेक वेळा वगळलेली असते, ते पान वाचा. ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये हेलिकॉप्टरचं बिल जखमी माणसाच्या नावानेच फाटतं. ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या सदस्यत्वात २५ हजार युरोपर्यंतचं बचावसंरक्षण मिळतं, ते घेऊन ठेवा.

पॉलिसीचा पुढचा हप्ता मार्च २०२७ मध्ये खात्यातून आपोआप कापला जाईल. तो मॅन्डेट फेब्रुवारीतच बंद करायला सांगा, आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा तारखेसह शिक्का घ्या.