मालिकेतली मराठी आणि ओसरीवरची मराठी

प्रश्न : आमच्या सासूबाई म्हणतात की टीव्हीने नातवंडांची भाषा बिघडवली. मला मात्र वाटते की, मुले इंग्रजी माध्यमात शिकत असताना मराठी मालिका नसत्या तर त्यांचे मराठी टिकलेच नसते. यात खरे काय? शिवाय यजमान म्हणतात, कन्नड वाहिन्यांचे पॅकेज काढून टाकू. काढावे का?
– एक वाचक भगिनी, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : आपल्या आणि सासूबाईंच्या म्हणण्यात मला विरोध दिसत नाही, कारण आपण दोघी दोन निराळ्या मराठींविषयी बोलत आहात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण कर्नाटकात असलेल्या आपल्या सीमाभागातल्या मराठी घराला त्याचा फारसा उपयोग नव्हता. मध्यम लहरींवरचा रेडिओ लांबवर ऐकू येतो, त्यामुळे १९६३ साली सुरू झालेले सांगली आकाशवाणी केंद्र निपाणीकडच्या घरांत राज्याची सीमा न विचारता पोहोचत असे. टीव्हीच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि कमी शक्तीच्या प्रक्षेपकाची मजल जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरची, त्यामुळे छपरावरचा अँटेना कितीही फिरवला तरी जवळचा प्रक्षेपक जे देईल तेच दिसायचे. १९५६ साली राज्यांच्या पुनर्रचनेत जमिनीवर आखलेली रेघ अशा रीतीने आकाशातही उमटली. त्या काळात आपल्याकडे टीव्हीने मराठी शिकवले नाही, कन्नडही फारसे नाही. शिकवले ते हिंदी. १९८२ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि पुढे १९८७ साली सुरू झालेले ‘रामायण’ मराठी घराने आणि शेजारच्या कन्नड घराने एकाच खोलीत बसून हिंदीतच पाहिले, कारण कन्नड चित्रसृष्टीच्या विरोधामुळे कन्नडमध्ये डबिंग होत नसे. (‘महाभारत’ कन्नड आवाजात छोट्या पडद्यावर आले ते थेट २०२० साली, आणि तेही जुने नव्हे, २०१३ सालचे नवे.) एका टीव्हीभोवती चार घरे जमण्याचे ते दिवस होते, आणि बाजारपेठेत अनोळखी माणसाशी सहज हिंदीत सुरुवात करण्याच्या आपल्या सवयीला त्या दिवसांनी बळ दिले असावे, असे माझे मत आहे.

ही रेघ पुसली ती उपग्रह आणि केबलने. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या, तेव्हा दादर आणि बेळगाव एकाच वेळी एकच मालिका पाहू लागले. शाळेतून मराठी निसटत चाललेल्या मुलांच्या कानावर रोज संध्याकाळी मराठी पडू लागले, हे आपले म्हणणे अगदी खरे आहे. मात्र ती मराठी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातली होती, आणि आपल्यासारखे बोलणारे पात्र मालिकेत बहुधा गडी, विनोदी पाहुणा किंवा गावगुंड म्हणूनच येई. ‘काय करालाईस?’ असे आजीने विचारले की नातू हसतो, त्याचे मूळ इथे आहे. पुढे कोल्हापूरकडच्या बोलीत मालिका झाल्या आणि त्या गाजल्या, तेव्हा आपल्या बोलीच्या जवळचे काही नायकाच्या तोंडी ऐकून सीमाभागातही अप्रूप वाटले. पण ती कोल्हापूरची बोली, कन्नडशी रोजचा घरोबा असलेली आपली नव्हे. ती अजून पडद्यावर यायची आहे.

म्हणून सासूबाईंची तक्रार मी थोडी दुरुस्त करीन : टीव्हीने मुलांची भाषा बिघडवली नाही, तर आजीची भाषा बिघडलेली आहे असे मुलांना वाटायला लावले. यावर उपाय घरातच आहे. नातू आजीचे वाक्य दुरुस्त करू लागला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा आणि हेही सांगा की ज्या मराठीला तो शुद्ध समजतो, तिच्यातले ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ कन्नडमधूनच आलेले आहेत.

कन्नड पॅकेज काढू नये. शाळेत कन्नड शिकावे लागतेच, आणि धड्यापेक्षा मालिकेतून कान लवकर तयार होतो. यजमानांची अडचण पैशांची असेल, तर आधी न पाहिल्या जाणाऱ्या क्रीडावाहिन्या काढाव्यात.