बाल्कनीचं दार

६ मे २०२०. कोरोनाच्या टाळेबंदीत दुबईहून आलेलं हे पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

"आदरणीय ताई, मी ३४ वर्षांचा, गाव संगमेश्वर तालुक्यात. नऊ वर्षं दुबईत आहे. देरा भागात एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघतो. एप्रिलचा पगार अर्धा आला आणि आता मॅनेजर एका कागदावर सही मागतोय. बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी. आईला शुगर. भारतात परतायचं म्हणून कॉन्सुलेटच्या साइटवर नाव नोंदवलं. पहिल्या रात्री तीन तास साइटच उघडत नव्हती. अजून मेल नाही, फोन नाही. भाऊ म्हणतो, सध्या येऊ नकोस. गावाने वेशीवर बांबू आडवे टाकलेत, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना शाळेत चौदा दिवस ठेवलंय, डबासुद्धा लांबून ठेवतात. ताई, ज्या शाळेत मी शिकलो तिच्या व्हरांड्यात परक्यासारखं झोपायचं? इथे आम्ही सातजण एका खोलीत बेडस्पेसवर, म्हणजे भाड्याच्या एकेका कॉटवर, राहतो. सहाजण आपलेच, एकजण तेलंगणाचा. त्याला एप्रिलच्या सुरुवातीला ताप-खोकला झाला म्हणून बाल्कनीत हलवला. टेस्ट निगेटिव्ह आली, पण रिस्क घ्यायला कुणी तयार नाही. एसीमुळे ते दार बंदच ठेवावं लागतं. रात्ररात्र झोप लागत नाही. राहू की येऊ? माझ्या हातात काहीच उरलेलं नाही. धाकटा भाऊ समजून सांगा."

धाकटा भाऊ समजा म्हणालास, म्हणून एकेरीत लिहिते आहे. भावाला बोलते तसंच बोलणार आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझी मुलगी डोळ्यांपुढे आली, तुझी आई आली, तो सहीचा कागद आला. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि त्या बाल्कनीपाशी थांबले. तिथून पुढे जाताच येईना. तुझ्या पत्रावर १ मे तारीख आहे. म्हणजे सरळ हिशेब केला तरी तो माणूस तीन आठवड्यांहून जास्त दिवस बाहेर आहे.

तो अजून बाहेर का आहे?

तू त्याच्यावर तीन-चार वाक्यं खर्च केलीस आणि लगेच स्वतःच्या झोपेवर आलास. तुझ्या पत्रात मॅनेजरचं नाव आहे, भावाचं नाव आहे, मुलीला घरी काय हाक मारता तेही आहे. (ती नावं मी इथे गाळली आहेत.) त्याचं नाव तू लिहिलेलंच नाहीस. तो फक्त "एकजण तेलंगणाचा".

देरातल्या जुन्या इमारती मी पाहिल्या आहेत. २०१६ साली भाच्याकडे चार दिवस राहिले होते. तिथली बाल्कनी म्हणजे कपड्यांची दोरी, कांद्याची जाळीची पिशवी, पाण्याचे रिकामे कॅन आणि एसीचं बाहेरचं युनिट. ते युनिट रात्रभर घरघरतं आणि भट्टीसारखी हवा फेकतं. भाचा रात्री शर्ट धुऊन त्याच्यासमोर टांगायचा, अर्ध्या तासात शर्ट कडक वाळलेला असायचा. तुमचं युनिटही तिथेच असणार. दार बंद, आत तुम्ही सहाजण गार हवेत, आणि तुमच्या खोलीतली सगळी उष्णता त्या माणसाच्या अंगावर. मे महिना लागलाय दुबईत. तुला उकाड्याबद्दल मी काय सांगायचं?

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ४ एप्रिलपासून तीन आठवडे दुबईत चोवीस तास घरातच राहायचा हुकूम होता. भाजी आणायला जायचं तरी ऑनलाइन परवाना लागत होता. अख्ख्या शहराला दारं लावून आत बसवलं होतं, त्या दिवसांत तुमच्या घरातला एकजण दाराबाहेर होता.

भीती खोटी होती असं मी अजिबात म्हणत नाही. ताप आलेल्याला वेगळं ठेवलंत ते बरोबरच केलंत. सातजणांच्या खोलीत बिचारे दुसरं काय करणार होतात? पण रिपोर्ट आला त्या दिवशी दार उघडायला हवं होतं. त्यानंतर जे चाललंय त्याला मी भीती म्हणणार नाही. त्याची सवय झाली आहे तुम्हाला. एक कॉट मोकळी झाली, हातपाय पसरायला जागा झाली. खरं सांग, त्याच्या कॉटवर आता काय ठेवलंय? बॅगा? कुणाचा लॅपटॉप?

आणि तू मला शाळेच्या व्हरांड्याबद्दल विचारतोस.

मी कोकणातलीच आहे. गावागावांत रस्त्यावर दगड रचले, झाडं पाडून आडवी टाकली, हे ऐकून माझ्याही पोटात कालवलं. ज्या मुंबईकराच्या मनिऑर्डरीवर घरं उभी राहिली त्याला वेशीवर अडवायचं, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण तुझ्या भावाने सांगितलेलं नीट वाच. चौदा दिवस शाळेत ठेवतात आणि पंधराव्या दिवशी घरी सोडतात. डबा लांबून ठेवतात, पण तो घरून येतो. तू गेलास तर त्या डब्यात आईच्या हातची तांदळाची भाकरी असेल. बायको फाटकापाशी उभी राहून चार शब्द बोलेल, मुलगी लांबून हात हलवेल. तुझ्या खोलीतल्या त्या माणसाचा पंधरावा दिवस कधीच उलटून गेला. त्याला जेवायला काय देता, कोण देतं, कशात देता, यातलं एक अक्षर तुझ्या पत्रात नाही. गावाने तुझ्याशी अजून काहीच केलेलं नाही. ते होईल या नुसत्या विचाराने तू अर्धं पान लिहिलंस.

रागावले आहे, हे तुला कळलंच असेल. का रागावले तेही सांगते.

माझे मोठे दीर १९९० साली कुवेतमध्ये होते. २ ऑगस्टला इराकी सैन्य आत शिरलं आणि एका रात्रीत नोकरी, पगार, बँकेतले पैसे सगळं गेलं. तिथल्या भारतीयांना बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनमध्ये अम्मानला पोचावं लागायचं. तिथून एअर इंडियाने दोन महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं मायदेशी आणली. दिरांच्या खोलीतले पाचजण एकाच बसमध्ये होते. त्यातल्या एकाला हगवण लागली होती. वास येतो म्हणून त्याला मागच्या सीटवर एकट्याला बसवलं. बगदादच्या पुढे वाळवंटात कुठेतरी बस थांबली, तो उतरला, आणि बस सुटली तेव्हा मागे वळून कुणी बघितलंच नाही. दोन तासांनी लक्षात आलं. ड्रायव्हर परत फिरायला तयार झाला नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

दीर सुखरूप आले. भिवंडीत छोटं दुकान टाकलं, मुलं शिकली, सगळं छान झालं. पण एसटीत बसले की गाडी सुटायच्या आधी ते जागेवरून उठायचे, मागच्या सीटपर्यंत जायचे, बघायचे आणि परत येऊन बसायचे. दर वेळी. आम्ही सगळे हसायचो, मीसुद्धा हसले आहे. गेल्या वर्षी ते गेले. त्याआधी दवाखान्यात एका रात्री त्यांनी जाऊबाईंना ही हकिगत सांगितली. तोवर एकोणतीस वर्षं घरात कुणाला माहीत नव्हती.

तुला तसं गाडीत उठून मागे जावं लागू नये, म्हणून एवढं लिहिते आहे.

आता तुझे प्रश्न. त्यात फार गुंता नाही.

सहीचा कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नकोस. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने २६ मार्चला जो आदेश काढला, त्यानुसार कंपनीला परदेशी कामगारांचा पगार कमी करता येतो, पण त्यांच्या संमतीने. तात्पुरती कपात असेल तर ती मूळ कराराला जोडलेल्या पुरवणीवर लिहावी लागते. तिच्यावर मुदत हवी आणि एक प्रत तुझ्याकडे हवी. कायमची कपात मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय होत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर कागद परत दे आणि तारीख घालून माग. बेसिक कमी केल्याचं कुठे लिहिलंय का तेही बघ, कारण तुझी नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर निघेल. व्हिसाची काळजी सोड. १ मार्चनंतर संपणारे रेसिडेन्स व्हिसा वर्षअखेरपर्यंत चालतील, असं तिथल्या सरकारने एप्रिलमध्येच जाहीर केलंय.

राहिलं विमान. अडकलेल्या भारतीयांना मायदेशी आणणारी पहिली दोन उद्या, ७ मेला, सुटतील. एक अबूधाबीहून कोचीला, दुसरं दुबईहून कोझिकोडला. पहिल्या आठवड्यात १२ देशांतून ६४ विमानं आणि सगळी मिळून सुमारे १४,८०० माणसं. एकट्या अमिरातीत नावं नोंदवलेल्यांचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेलाय. गरोदर बायका, आजारी, म्हातारी माणसं, नोकरी गेलेले कामगार आधी जाणार, आणि तसंच व्हायला हवं. तुझी नोकरी आहे, अर्धा का होईना पगार येतोय, तब्येत ठीक आहे. तुझा नंबर इतक्यात लागणार नाही. म्हणून राहू की येऊ हा प्रश्न मेल येईपर्यंत बाजूला ठेव. तोवर रोज रात्री तो उगाळून आईची शुगर उतरणार नाही की विमानात जागा मिळणार नाही.

त्याने नाव नोंदवलंय का रे? ती साइट इंग्रजीत आहे. त्याची नोकरी आहे की गेली, हेही तुला ठाऊक आहे असं पत्रावरून वाटत नाही. गेली असेल तर रांगेत तो तुझ्या पुढे उभा राहायला हवा.

तू लिहिलंस, माझ्या हातात काहीच उरलेलं नाही. त्या दाराची कडी तुझ्या हातात आहे. ती तुमच्याच बाजूने आहे.

ते दार आज रात्री उघड. उद्या नको, शुक्रवारच्या सुट्टीला नको, बाकीच्या पाचजणांशी चर्चा करून तर मुळीच नको. चर्चा केलीस की कुणीतरी म्हणेल "अजून आठवडाभर बघू", आणि सगळे मान डोलावतील. तूही डोलावशील, मला माहीत आहे. आधी त्याची कॉट मोकळी कर. बॅगा खाली काढ, धुतलेली चादर घाल. मग दार उघड, नावाने हाक मार आणि आत बोलाव. लगेच माफी मागायला जाऊ नकोस. सहाजणांसमोर तो अवघडेल, आणि तुझं मन हलकं करायचं ओझं त्याच्यावर नको. पाणी दे, अंघोळ करायची का विचार. जेवायला बसाल तेव्हा त्याचं ताट तुमच्या ताटांच्या रांगेत मांड.

कुणी कुरकुरलं तर रिपोर्ट दाखव. तरीही ऐकत नसेल तर तुझी कॉट त्याच्या कॉटशेजारी ओढून घे आणि झोप. हात धुणं, मास्क, आपापला पेला, दिवसातून थोडा वेळ दार-खिडकी उघडी ठेवणं हे सातही जणांनी पाळा. पुन्हा कुणाला ताप आलाच, तुलासुद्धा, तर हेल्थ अथॉरिटीच्या हेल्पलाइनला फोन लावा. विलगीकरणासाठी तिथे इमारती उघडल्या आहेत, तिथे डॉक्टर असतात. बाल्कनी पुन्हा कुणाच्या वाट्याला येता कामा नये.

हे झालं की त्याच्याशेजारी बसून त्याचा फॉर्म भर. पासपोर्ट नंबर, गाव, जिल्हा, घरी कोण कोण आहे, सगळं विचारावं लागेल. विचार.

मग मला लिही. एवढं मोठं पत्र नको, दोन ओळी पुरेत. त्याचं नाव, आणि काल रात्री तो कुठे झोपला.